साहेबाचा शब्द आणि ठकूबाईचं वजन

आमच्या घरी माझ्याविषयी एक जुनी तक्रार आहे, की मी बोलत नाही. काही विचारलं तर ‘हो’ किंवा ‘बघू’ यापलीकडे उत्तर येत नाही. आता यांना कसं समजावू, की माझ्या वाट्याचं सगळं बोलणं मी कचेरीतच संपवून आलो, आणि तेही दुसऱ्यांच्या वतीनं! तीस वर्षं मी नाशकात गोऱ्या मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत भाषांतरकार होतो. साहेब इंग्रजीत विचारायचा ते मी मराठीत विचारायचं, आणि समोरचा माणूस मराठीत सांगेल ते साहेबाला इंग्रजीत सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण समोरचा माणूस नेमका कोणत्या मराठीत सांगेल, याचा भरवसा नसे. सटाण्याचा कांदेवाला अहिराणीत ‘काय शे’ म्हणून सुरुवात करी, मालेगावचा विणकर निम्मी हकिगत उर्दूत उरकी, आणि पेठकडचे लोक बोलू लागले की मी मनातल्या मनात देवाचं नाव घेई.

गिऱ्हाइकंही एकेक नग येत. देवळाली कॅम्पातल्या एका धोब्याला बदलून जाणाऱ्या गोऱ्या अंमलदारानं शिफारसपत्र दिलं होतं. त्यानं ते काचेत मढवून दुकानात लावलं आणि चार वर्षांनी एकदा मला कौतुकानं विचारलं, “भाऊसाहेब, काय लिवलंय हो?” पत्रात लिहिलं होतं, की हा माणूस प्रामाणिक आहे, पण याच्याकडे कपडे देण्याआधी बटणं काढून घ्यावीत. मी त्याला म्हटलं, “तू प्रामाणिक आहेस असं लिहिलंय.” खोटं नाही सांगितलं. पण खरंही पुरतं सांगितलं नाही. आमच्या धंद्यात या दोहोंच्या मधली जागा फार मोठी असते आणि मी तिथे सुखानं नांदत होतो.

धंद्याचा एकच नियम कडक होता. जबानी लिहून झाली की ती देणाऱ्याला वाचून दाखवायची. त्यानं ‘बरोबर आहे’ म्हटलं की मग सही, नाहीतर अंगठा. प्रत्यक्षात काय होई? मी भरभर वाचायचो, समोरचा दर दोन ओळींनी मान हलवायचा, आणि शिपाई त्याचा अंगठा शाईत बुडवायचा. माझी मराठी तेव्हा मोठी अलंकारिक होती. ‘मी पळालो’ असं कुणी म्हटलं तर मी ‘मी प्राणभयास्तव पलायन केले’ असं लिहायचो. त्यामुळे मान हलवण्यावाचून त्या बिचाऱ्यांना इलाजच नसे. या नियमानं मला एकदाच अडवलं, आणि ते एका कांदेबटाटेवालीनं. हकिगत एकोणीसशे तिसाच्या पुढच्या चारपाच वर्षांतली आहे.

ठकूबाई मूळची इगतपुरीकडची. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, त्याची बदली देवळालीला झाली, तेव्हा तीही आली. तिनं कॅम्पाच्या बाजारात कांदेबटाट्यांचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे चार पोती आणि तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेला मोठा तराजू. गिऱ्हाईक बहुतेक पलटणीचे खानसामे. ते घेणार घाऊक, म्हणून दहा शेरांचं वजन लागे. ते तिला पावसाळ्यानंतर ओढ्याच्या कडेला आयतंच सापडलं. चांगलं गोल, लांबट, जड लोखंड. उसाच्या चरकाचा काहीतरी भाग असेल, असं तिला वाटलं. वाण्याकडे नेऊन तोलून पाहिलं तर दहा शेरांना थोडं कमी भरलं. बाई चोख व्यवहाराची, तिनं कमी पडत होता तेवढा दगड फडक्यात बांधून त्याच्या गळ्यात अडकवला. आठ महिने कॅम्पातल्या गोऱ्यांनी खाल्लेला कांदा या वजनानं मोजलेला होता.

एके दिवशी खानसाम्याबरोबर एक गोरा सार्जंट बाजारात आला. त्यानं तराजूकडे पाहिलं, पारड्याकडे पाहिलं, आणि असा काही ओरडला की पलीकडच्या ओळीतल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. पारड्यात न फुटलेला तोफेचा गोळा होता. माळावर सरावाला उडवलेला, पुरात वाहून ओढ्याला लागलेला. ‘बम, बम’ असा ओरडा झाला आणि बाजार रिकामा झाला. सार्जंट तज्ज्ञ माणसं आणायला घोड्यावरून गेला. जाताना ठकूबाईला हातवारे करून सांगून गेला, की कुणी शिवू नका.

ठकूबाई शिवली. दुकानामागे झोपड्यांची ओळ होती आणि पहिल्याच झोपडीत एक म्हातारी महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती. ठकूबाईनं दगड सोडला, टोपलीत पोतं अंथरलं, गोळा त्यावर निजवला, टोपली डोक्यावर घेतली आणि गावाबाहेरच्या जुन्या खाणीकडे चालू लागली. चांगलं मैलभर अंतर. तिथे तिनं ती टोपली खाली ठेवली आणि परत आली. दोन तासांनी लष्कराच्या माणसांनी गोळा तिथेच उडवला, तेव्हा कॅम्पातल्या अर्ध्या खिडक्यांच्या काचा हादरल्या.

पुढच्या आठवड्यात आमच्या साहेबाच्या टेबलावर एकाच बाईचे दोन कागद आले. एक लष्कराचा, या बाईचं कौतुक करावं म्हणून. दुसरा फौजदाराचा, की हिनं सरकारी दारूगोळा चोरून बाजारात ठेवला, सबब हिच्यावर खटला भरावा. साहेब तरुण होता, विलायतेहून येऊन दोन वर्षं झाली असतील. त्यानं ठरवलं, की बाईची जबानी घ्यायची आणि एकाच दिवशी दोन्ही कागद निकालात काढायचे.

ठकूबाई आली. बुटकी, रुंद, नाकात मोरणी, उभी राहिली ती दोन्ही पाय रोवून. तिनं सगळं सांगितलं. मी मध्ये उभा राहून इकडचं तिकडे करत होतो. मला ती बाई मनापासून आवडली होती. हिचं भलं व्हावं असं वाटलं आणि तिथेच माझ्या लेखणीला चेव आला. तिनं ‘उचलला आन् चालाया लागले’ म्हटलं, त्याचं मी लिहिलं, ‘मी निर्भय अंतःकरणाने सदर वस्तू मस्तकी धारण करून मार्गस्थ झाले.’ इंग्रजीतही तसंच सांगितलं. साहेबानं लिहून घेतलं.

मग रीतीप्रमाणे मी वाचायला लागलो. पहिल्या पानापर्यंत बाईनं मान हलवली. ‘निर्भय’पाशी हात वर केला.

“थांबा भाऊसाहेब. निरभय म्हंजी काय?”

“म्हणजे भ्याली नाहीस.”

“हे म्या म्हनलं नाय.”

“अगं बाई, तुझ्या भल्याचंच लिहिलंय,” मी हळूच म्हटलं.

“भल्याचं असंल, पर खोटं हाय. मी लय भ्याले. खोट्यावर अंगठा नाय देनार.”

शिपाई तिचा अंगठा धरायला पुढे झाला, तर तिनं मूठ मिटून पाठीमागे नेली. साहेबानं विचारलं, काय झालं? मी घाईघाईनं सांगितलं, की बाईला एका शब्दाची शंका आहे. जेवणाची वेळ झाली होती. साहेबानं घड्याळ पाहिलं आणि सोमवार दिला.

बाहेर आलो तर फौजदार पान लावत उभे. माणूस वाईट नव्हता, पण हुशारीची हौस दांडगी. मला म्हणाले, “भाषांतरकार, तुम्ही माझं काम फत्ते केलंत. बाई निर्भय होती ना? म्हणजे तिला गोळ्याची भीती नव्हती. म्हणजे सवय होती. म्हणजे गोळा काय असतो हे ती आधीपासून जाणत होती, तरी बाजारात ठेवला. आणि आता जर म्हणाली, जाणत नव्हते, तर मग कांद्याचं वजन इकडून तिकडे नेलं, त्यात शौर्य कसलं? दोन्हीकडून माझंच. सोमवारी बघा.”

मी शोभेसाठी घातलेल्या एका शब्दावर ती बाई तुरुंगात जाणार होती.

दुपारी साहेबानं खोलीत बोलावलं. लष्कराला पाठवायचा शेरा त्यानं लिहून ठेवला होता, त्याचं मराठी मला करायचं होतं. एकच ओळ. त्यात ठकूबाईनं काय दाखवलं, तर ‘प्लक’ दाखवलं. मला त्या शब्दाचा क्रियापदाचा अर्थ ठाऊक होता, फुलं खुडणं, पिसं उपटणं. बाईनं काय उपटलं ते काही कळेना. साहेब हसला. म्हणाला, हा आमच्याकडचा धीटपणाचा जुना शब्द, पण जन्म खाटकाच्या दुकानातला. बोकडाच्या छातीत हात घालून एका ओढीत जे बाहेर येतं, त्या सगळ्याला मिळून खाटीक प्लक म्हणतात. तिथून तो मुष्टियुद्धवाल्यांनी उचलला, की अमक्याच्या आत ते भरपूर आहे, म्हणून तो मार खाऊनही उभा राहतो. पूर्वी घरंदाज बायका हा शब्द तोंडातून काढत नसत. आता त्यांच्या मुलांच्या शाळेत बक्षीस देताना वापरतात.

“तुमच्याकडे काय म्हणतात?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, आम्हीही तिथंच हात घालतो. आम्ही छाती म्हणतो, काळीज म्हणतो, मुसलमान मंडळी जिगर म्हणतात. साहेब खूष झाला. पण मी नव्हतो. काळीज लिहिलं तरी फौजदाराचा पेच सुटत नव्हता. वाघाचं काळीज म्हटलं की पुन्हा निर्भयच झालं.

का कोण जाणे, दुसऱ्या दिवशी मी टांगा करून देवळाली कॅम्पात रहीमभाईंच्या दुकानी गेलो. पलटणीला मटण पुरवणारे हे जुने खाटीक, घटनेच्या दिवशी बाजारात हजर असलेले. मी आयुष्यात खाटकाच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. एका हातानं धोतर सावरलं, दुसऱ्या हातानं उपरणं नाकाला लावलं, आणि विचारलं, “रहीमभाई, ते प्लक का काय म्हणतात ते दाखवता का?”

रहीमभाई म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही? घरी सांगू नका बरं का, वहिनी मला शिव्या देतील.” मग मात्र त्यांनी कसबानं दाखवलं. बोकड टांगलेला होताच. हात आत गेला, एक झटका, आणि बाहेर आलं ते सगळं एकाच नळीला लोंबत होतं.

“हे दिल. हे कलेजी. आणि हे दोन बाजूंना फुफ्फुस. गोरे लोक कलेजी मागतात, फुफ्फुस कुत्र्याला घालतात. पण निघताना सगळं संगतीनंच निघतं बघा. एकटं दिल ओढून काढीन म्हणाल तर येत नाही.”

“फुफ्फुसही यातच मोजतात?”

“मग! जे धडधडतं ते आणि जे धापा टाकतं ते, एकाच दोरीला बांधलंय वरच्यानं.” त्यांनी ते खाली ठेवलं आणि आवाज उतरवला. “त्या दिवशी मी सुरी टाकून पळालो, भाऊसाहेब. भिंतीआडून बघत होतो. ठकूबाई माझ्यासमोरून गेली. अशी धापा टाकत होती, की हितपर्यंत ऐकू यायचं. ओठ पांढरे. एकेक पाऊल मोजून टाकत होती, आणि डोळ्यांतून पाणी. पुसायला हात मोकळा नव्हता ना. मी पैलवानी केलेला माणूस, मला काय धाड भरली होती? पण नाही निघालो.”

परतताना टांग्यात मी स्वतःवर इतका चिडलो होतो, की टांगेवाल्यानं दोनदा वळून पाहिलं. मी त्या बाईची धाप कापून कुत्र्याला घातली होती, आणि नुसतं कोरडं काळीज साहेबाच्या बशीत वाढलं होतं. आणि हिच्यापूर्वी किती जणांच्या जबान्यांत मी हेच केलं असेल? ते लोक विचारत नव्हते, मान हलवत होते. त्याची खंत मला अजून आहे आणि ती जायची नाही.

सोमवारी मात्र पंचाईत निराळीच होती. भाषांतरकार शपथेवर बोलतो. ‘साहेब, मी पदरचा शब्द घातला’ असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या हातानं नोकरीवर पाणी सोडणं. घरी तेव्हा आम्ही सातजण होतो. हे सगळं डोक्यात घेऊनच मी उभा राहिलो. तरी सांगितलं. “निर्भय हा शब्द बाईचा नाही, माझा आहे. कृपा करून तो काढावा आणि तिला पुन्हा विचारावं.”

साहेबानं टाक उचलून तो शब्द खोडला आणि शेजारी आपली सही केली. फक्त एवढंच म्हणाला, “यापुढे तिचंच बोला.”

फौजदार पुढे सरसावले. “एवढी भ्याली होतीस, तर टाकून का नाही पळालीस?”

“टाकला आसता तर फुटला नसता का?” ठकूबाई म्हणाली. “आन् बाजारात आनला कुनी? म्या. मंग न्यायचा कुनी? तुमी न्येनार व्हता?”

कचेरीत हशा पिकला. फौजदारांचे कान लाल झाले, कारण ते त्या दिवशी बाजारातच होते आणि कुठल्या दिशेनं गेले ते सगळ्यांना माहीत होतं.

साहेबानं हात वर करून शांतता केली आणि मला म्हणाला, “तिला विचारा, भीती कधी सुरू झाली?”

मी तिचाच शब्द धरून विचारलं, “ठकूबाई, भ्यालीस ती केव्हापासून?”

“तो गोरा वरडला तवापास्नं. त्याच्या आदी कशाचं भ्या? आठ म्हैने त्याच्यासंगं कांदं मापलं. दुपारच्याला त्याच्यावर डोस्कं टेकून निजायचे मी. आता सपनात येतो त्यो मेला. वाटंनं सारखं वाटायचं, आता फुटंल, मंग फुटंल. पाय फुडं जाईनात, डोळ्यांतनं पानी थांबंना. देवीला म्हनलं, खानीपत्तुर दम धर, मंग काय करायचं ते कर.”

मी हे शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. एकही फूल वर ठेवलं नाही. साहेबानं लिहिणं संपवलं आणि फौजदाराकडे वळला. “जिला ठाऊक आहे ती त्याच्यावर डोकं टेकून झोपत नाही. आणि जिला ठाऊक नाही ती रडत चालत नाही. ओरडण्याच्या आधी तिला माहीत नव्हतं, म्हणून गुन्हा नाही. ओरडल्यानंतर माहीत होतं, म्हणून शाबासकी. दोन्ही तिच्या भीतीनंच सिद्ध होतं.” आणि फौजदाराचा कागद त्यानं परत केला.

फौजदारांनी तो घडी करून खिशात घातला आणि खरं सांगतो, मोकळेपणानं हसले. “एक विचारू का, बाई? आमच्या घरीही तुझ्याकडचाच कांदा येतो. माप बरोबर होतं ना?”

“दगड बांधला व्हता की! तोलून घ्या.”

मी जबानी वाचून दाखवली, या वेळी सावकाश. ‘मी लय भ्याले’ आलं तसं तिनं स्वतःहून अंगठा शाईत बुडवला. म्हणाली, “हां. आता ही मीच.”

राहिली ती साहेबाची ओळ. मी तिचं मराठी करून दिलं. आमची पद्धत अशी, की भाषांतर संशयाचं वाटलं तर साहेब ते उलट इंग्रजीत करायला सांगे. त्यानं सांगितलं, मी केलं. तो म्हणाला, “माझा एक शब्द होता, तुमचे तीन झाले. आणि कुठं काळीजही दिसत नाही.” मी म्हटलं, “साहेब, सगळं त्यात आहे, फुफ्फुसासकट.” रहीमभाईंकडे काय पाहिलं ते सांगितलं. साहेबानं मान डोलावली आणि खाली सही केली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी देवळालीला तो कागद वाचायचा होता. लष्करानं ठकूबाईला बक्षीस म्हणून छाप मारलेलं दहा शेरांचं खरं लोखंडी वजन आणलं होतं, लाल फीत बांधून. ती नवं लुगडं नेसून बटाट्याच्या पोत्यावर बसली होती. नवरा शेजारी उभा, स्वतःच्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. रहीमभाई होते, फौजदार होते, खानसामे होते, त्या दिवशी पळालेला झाडून सगळा बाजार होता. लोक वाट पाहत होते, की आता सरकारी भाषेतलं काहीतरी लांबलचक येणार. मी खाकरलो आणि वाचलं.

“ठकूबाई भ्याली, पण गेली.”

एवढंच. क्षणभर कुणालाच कळेना, की संपलं. मग रहीमभाईंनी मान खाली घातली. ठकूबाईनं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. पदराआडूनच म्हणाली, “भाऊसाहेब, पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, “आनखी एकदा.” तिसऱ्या वेळी मी कागद वर धरला, तोंड उघडलं, पण वाचावं लागलंच नाही. त्या दिवशी पळून गेलेला सगळा बाजार एका आवाजात म्हणाला, “ठकूबाई भ्याली, पण गेली!”